जंगलात काँक्रीटचं घर बांधायचंय, कुणी बांधलंय का?

रानमोगरा | १० मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. दोडामार्ग तालुक्यात माझं आजोळ. मामांनी आईच्या वाटणीचा तुकडा यंदा तिच्या नावे करून दिला. रस्त्यापासून आत, तीन बाजूंनी रान, चौथ्या बाजूला मामांची काजूची बाग. सातबारा, बिनशेती वगैरे कागदांचं काम मामा बघताहेत, त्यामुळे तो विषय इथे नको.

आम्हा दोघांना तिथे साधारण बाराशे चौरस फुटांचं बैठं घर बांधायचं आहे. निवृत्तीनंतरचं नाही, पुढच्या दोन-तीन वर्षांत राहायला जायचं असं ठरवलं आहे. माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं एक चित्र आहे. गिलावा न केलेलं उघडं काँक्रीट, सपाट छत, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि अंथरुणातून डोळे उघडले की समोर फक्त हिरवं. ब्राझीलच्या किनारी जंगलातली आणि बालीतली अशी घरं फोटोत पाहिली आहेत आणि त्यांनी मला अक्षरशः वेड लावलं आहे.

गावात मात्र सगळे एकच म्हणतात, "स्लॅब घाल, पण वर पत्रे टाक." मामा म्हणतात, चिऱ्याच्या भिंती आणि कौलं, दुसरा विचार करू नकोस. आर्किटेक्ट गाठण्याआधी मला राहणाऱ्या आणि बांधणाऱ्या माणसांकडून ऐकायचं आहे. एवढ्या पावसात उघडं काँक्रीट टिकतं का? सपाट छत नकोच का? आणि असं घर मे महिन्यात आतून कसं असतं?

---

कोंबडीवडे | १० मे, रात्री १०.०५

नकाशात पाहुण्यांची खोली दिसत नाही, एवढी एकच दुरुस्ती सुचवतो. बाकी वाचतोय. आमचीही जमीन पडून आहे.

---

नाना_ठाणे | १० मे, रात्री ११.२०

मी बांधलंय. दोडामार्गात नाही, मुळशीत. म्हणून कळकळीने लिहितो.

सपाट स्लॅब, कठडा दीड फूट, पाणी जायला एकच पाइप. ठेकेदार म्हणाला एक पुरतो. तिसऱ्या पावसाळ्यात जुलैमध्ये पंधरा दिवसांनी गेलो तर शेजारच्या जांभळाची पानं त्या तोंडावर बसली होती आणि गच्चीचा हौद झाला होता. घोट्याच्या वर पाणी. हात घालून पानांचा गोळा काढला तेव्हा भोवरा करत पाणी गेलं. तोवर खाली बेडरूमच्या छताला ओल येऊन गेली होती.

पुढच्या वर्षी तिथला गिलावा पडला. आतली सळई पाहिली तर तिच्यावरून गंजाचे पापुद्रे निघत होते, पेन्सिल सोलल्यासारखे. सळईखाली काँक्रीट किती होतं ते बघायला मी काडेपेटीतली काडी आडवी धरली. काडीच्या जाडीएवढंही नव्हतं. म्हणजे सळई जवळजवळ गिलाव्यावरच टेकलेली होती. मग वॉटरप्रूफिंग झालं, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) झाला, शेवटी वर पत्र्याची शेड झाली. आता घर कोरडं आहे. पण जे शेवटी केलं ते आधी केलं असतं तर तीन वर्षांचा मनस्ताप वाचला असता.

---

चिरेबंदी | ११ मे, सकाळी ७.१५

नाना, तुमची काडी मी पुढच्या प्रत्येक साइटवर सांगणार आहे.

रानमोगरा, मी सिव्हिल इंजिनिअर. पंचवीस वर्षं कुडाळ, सावंतवाडी, बांदा या पट्ट्यात कामं करतो. काँक्रीट पावसाने मरत नाही. धरणं पाण्यातच उभी असतात. काँक्रीट मरतं ते आतल्या सळईपर्यंत पाणी आणि हवा पोचली की. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरत तो गुण काढून घेतो. तो सळईपाशी पोचला आणि सोबत ओल असली की गंज सुरू. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. नानांच्या घरी नेमकं हेच झालं.

म्हणून सगळा खेळ तीन गोष्टींचा: सळईवरचं आवरण, पाणी आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट पक्कं होऊ देणं. आयएस ४५६ या मानकात मुसळधार पावसाला उघड्या, सतत ओल्या-सुक्या होणाऱ्या काँक्रीटला 'सिव्हिअर' गटात टाकलं आहे. तिथे आवरण ४५ मिलिमीटर, काँक्रीट किमान एम ३० ताकदीचं आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि वाळूतली ओलही त्यातच धरायची. आपल्याकडे काय होतं? माल घट्ट वाटला की मिक्सरवरचा पोरगा आणखी एक बादली ओततो. ती एक बादली तुमच्या घराची वर्षं खाते. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर घाला, पाणी नाही.

खाडीची वाळू अजिबात नको, त्यातलं मीठ सळईचा वैरी. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक सिमेंटचे घ्या. खडीचे तुकडे सारून काम भागवतात, ते चालू देऊ नका.

आणि जंगलातली खास अडचण सांगतो, ती फोटोत दिसत नाही. काम नोव्हेंबर ते मे एवढंच. स्लॅब पडतो मार्च-एप्रिलमध्ये. आजकालच्या पीपीसी किंवा स्लॅग (राख किंवा भट्टीची मळी मिसळलेल्या) सिमेंटला दहा दिवस तरी पाणी मारायलाच हवं, मी चौदा दिवस मारतो. आणि नेमकं तेव्हाच विहिरीने तळ गाठलेला असतो. क्युरिंगचं पाणी कुठून येणार हे आधी ठरवा, नकाशा मागाहून. रेडीमिक्सचा ट्रक तुमच्या आतल्या वाटेवर येईल असं वाटत नाही. साइटवर मिक्स करायचं तर प्रत्येक घाण्याचा रंग थोडा वेगळा येणार. उघडं काँक्रीट ठेवायचं असेल तर हे आधीच मनाला सांगून ठेवा.

---

प्रश्नचिन्ह | ११ मे, सकाळी ७.४०

४५ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढं? एवढं कुणी ठेवतं का?

---

चिरेबंदी | ११ मे, सकाळी ८.०५

कुणी उभं राहून मोजलं तर ठेवतात. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मालकाने टेप घेऊन सळईपाशी बसावं. दहा ठिकाणी मोजावं. गवंड्याला राग येत नाही, उलट तो सावध होतो.

---

माडाखालची | ११ मे, दुपारी २.३०

मी सावंतवाडीजवळच्या खेड्यात राहते, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेल्या घरात. चिरा, मातीचा गिलावा, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे पडवी. मामा म्हणतात ते मला पटतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता माजघरात पंख्याशिवाय झोपता येतं. माझ्या दिराने शेजारीच स्लॅबचं घर बांधलं, तिथे रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटतं.

पण कौलाचं खरं दुखणंही सांगायला हवं. केलडी, म्हणजे माकडं. पंधरा-वीसचा कळप फणसावरून छपरावर उड्या मारतो, आणि दर पावसाळ्याआधी शंभर-दीडशे कौलं बदलावी लागतात. कौलं चढवणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्या वेळेने येतो. गावागावांत लोकांनी कौलं काढून पत्रे टाकले ते हौसेने नाही. केलड्यांपुढे हात टेकले म्हणून. त्यामुळे रानमोगरा, तुमचं 'काँक्रीट हवं' म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त पाऊस समजून घ्या. आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. झड.

---

कोंबडीवडे | ११ मे, दुपारी ३.०५

आमच्या काकूने केलड्यांसाठी छपरावर लाल साडी वाळत घातली होती, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. साडी गेली, केलडी राहिली.

---

रेघोटी | ११ मे, रात्री ९.३०

मी आर्किटेक्ट आहे, पणजीत काम करते. या धाग्यावर दोन परस्परविरोधी वाटणारी मतं आली आहेत, काँक्रीट आणि कौलं. मला वाटतं गावातली मंडळी "स्लॅब घाल, वर पत्रे टाक" म्हणतात त्यातच उत्तर आहे, फक्त ते आपण सुंदर करत नाही.

पाँडिचेरीत अरविंद आश्रमाची गोलकोंडे नावाची वसतिगृहाची इमारत आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचं काम सुरू झालं. आराखडा अँटोनिन रेमंड यांचा, जागेवर काम पाहिलं जॉर्ज नाकाशिमा यांनी. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींपैकी ती एक. तिच्या छताकडे नीट पाहा. स्लॅब आहेच, पण त्यावर वळणदार काँक्रीटच्या मोठ्या कौलांचं दुसरं आच्छादन आहे आणि दोहोंच्या मधून हवा खेळते. ऊन वरच्या आच्छादनावर पडतं, खालचा स्लॅब सावलीत राहतो. आणि उत्तर-दक्षिण बाजूंना पक्क्या भिंतीच नाहीत, जमिनीपासून छतापर्यंत फिरत्या आडव्या पट्ट्या आहेत. ऊन-पाऊस अडतो, वारा येतो. कोकणातल्या स्लॅबवरच्या पत्र्याच्या शेडचं तत्त्व तेच. आपण ती घाईने, निळ्या पत्र्याची करतो म्हणून डोळ्यांना खुपते.

उष्ण-दमट हवेत जाड भिंत उष्णता साठवते, पण दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी असल्याने ती बाहेर टाकायला रात्र पुरत नाही. राजस्थानात जे चालतं ते इथे चालत नाही. इथे आराम मिळतो सावलीतून आणि अंगावरून जाणाऱ्या वाऱ्यातून. माडाखालची यांच्या माजघरात गारवा आहे तो उंच, श्वास घेणाऱ्या कौलांमुळे आणि दोन्हीकडच्या पडव्यांमुळे. त्या पडव्यांमुळे चिऱ्याला कधी ऊनच लागत नाही.

केलड्यांसाठी एक जुना उपाय. श्रीलंकेचे जेफ्री बावा नालीदार सिमेंटच्या पत्र्यांवर मातीची अर्धगोल कौलं बसवत. पाणी अडवायचं काम पत्र्याचं, सावली आणि देखणेपणा कौलाचा. एखादं कौल फुटलं तरी घर गळत नाही. आज हे ॲस्बेस्टॉसविरहित पत्र्यांवर करता येतं.

---

रानमोगरा | १२ मे, सकाळी ६.५०

रेघोटी, मनापासून आभार. पण बावांचंच उदाहरण घेतलं तर कंडलामाचं हॉटेल सपाट छताचं आहे, काँक्रीटचं आहे आणि जंगलाने ते पूर्ण गिळलेलं आहे. मला तेच तर हवंय! ते १९९४ पासून उभं आहे ना?

---

रेघोटी | १२ मे, सकाळी १०.१५

उभं आहे आणि अप्रतिम आहे. मी तिथे दोन दिवस राहिले आहे. पण कंडलामा श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात येतं, दंबुल्लाजवळ. तिथलं झाड वेगळं, पाऊस वेगळा. बावांचं स्वतःचं घर, लुनुगंगा, बेंटोटाला आहे, बेटाच्या ओल्या बाजूला. तिथे त्यांनी काय केलं? उतरती कौलं आणि खोल पडव्या. माणूस तोच, पाऊस बदलला तसं छप्पर बदललं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. तुमची जमीन त्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे.

कंडलामातून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट घ्या. इमारत खांबांवर उचललेली आहे आणि डोंगरावरून येणारं पाणी तिच्या खालून जाऊ दिलं आहे. पाणी वळवण्यापेक्षा त्याला वाट ठेवणं.

---

खंड्या | १२ मे, दुपारी १.००

माझा सूर थोडा वेगळा आहे. राग मानू नका.

सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरमध्ये, म्हणजे वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यात, उच्च न्यायालयाने २०१३ पासून वृक्षतोडीवर बंदी घातली आहे. त्याशिवाय १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहेच. कर्नाटकातून २००२ मध्ये हत्ती याच वाटेने जिल्ह्यात उतरले. हेवाळे-बांबर्ड्याला मायरिस्टिकाची (रानजायफळाच्या झाडांची) दलदल आहे, अशा जागा महाराष्ट्रात अगदी मोजक्या. तुमचं घर या सगळ्याच्या मधोमध असणार. तेव्हा 'घर कसं दिसेल' याच्याआधी 'झाड न तोडता कुठे बसेल' हा प्रश्न हवा.

दुसरं, जमिनीपासून छतापर्यंत काच. पक्ष्याला काच दिसत नाही, त्यात उमटलेलं रान दिसतं. माझ्या ओळखीच्या एका घरात व्हरांड्यात सकाळी पाचू-कवडा पडलेला मिळाला होता, मान लुळी. हिरवा पाचूसारखा पंख, अजून गरम. पाचू-कवडा दाट झाडीतून जमिनीलगत सरळ वेगाने उडतो, त्यामुळे असल्या काचेवर तो हमखास आपटतो. काच हवीच असेल तर खोल पडवीच्या सावलीत घ्या आणि बाहेरून जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावा.

रात्री बाहेरचे दिवे पिवळे, खाली तोंड केलेले आणि कमीत कमी. नाहीतर पहिल्या पावसाला रानातले सगळे किडे तुमच्या काचेवर आणि त्यांच्यामागे बेडूक, बेडकांमागे साप.

---

प्रश्नचिन्ह | १२ मे, दुपारी १.२०

साप कोणते?? (मी धागा बंद करून झोपणार होतो.)

---

खंड्या | १२ मे, दुपारी १.४५

बहुतेक वेळा धामण, कवड्या, दिवड. फुरसं आणि चापडा या विषारी सापांपासून मात्र जपायचं. चापडा फांदीवर किंवा कठड्यावर तासन्‌तास हलत नाही, त्यामुळे बाहेर कपडे वाळत घालण्याच्या दोरीखाली वेली नकोत. आंबोलीत मी भर पावसात एका चहाच्या टपरीच्या बांबूवर तो पाहिला आहे. टपरीवाला शांतपणे चहा गाळत होता, म्हणाला, "दोन दिवस तिथेच आहे, आपल्याला काय करत नाही."

---

कोंबडीवडे | १२ मे, दुपारी १.५०

पाहुण्यांच्या खोलीचा आग्रह मी मागे घेतो.

---

समुद्रपार | १२ मे, संध्याकाळी ६.१०

सिंगापुरात अठरा वर्षं झाली. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण बारा महिने वाटून, आणि सगळं शहर काँक्रीटचं. दोन गोष्टी सांगते.

पहिली, उघडं काँक्रीट काळं पडतंच. शेवाळ आणि बुरशीचे उभे ओघळ. सरकारी इमारतींना इथे ठरावीक वर्षांनी रंग देतातच. गुळगुळीत पृष्ठभागावर डाग जास्त बोचतात. फळ्यांच्या रेषा उमटलेलं, खरबरीत काँक्रीट असेल तर डाग त्यात मुरतात, जुन्या झाडाच्या सालीसारखे दिसतात. आणि प्रत्येक छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवीच, नाहीतर पाणी छज्ज्याखालून सरपटत भिंतीवर येतं.

दुसरी, आतली बुरशी. तुम्ही काचेचं बंद घर करून एसी लावलात तर बाहेरची दमट हवा गार काचेवर आणि स्लॅबच्या कडेवर पाणी होऊन बसेल. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. दारं जाळीची करा. माझ्या आईची पैठणी मी इथे एका पावसाळ्यात बंद कपाटात ठेवली होती. उघडली तेव्हा घडीच्या रेषेवर राखाडी ठिपके होते. ते अजून गेले नाहीत.

---

नाना_ठाणे | १२ मे, संध्याकाळी ७.००

पैठणीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पुस्तकं गेली. कपाटातल्या बल्बचा उपाय सगळे सांगतात, पण वारा खेळण्यासारखं दुसरं काही नाही.

---

चिरेबंदी | १२ मे, रात्री ९.१५

रेघोटींच्या दुहेरी छताला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त एक सावधगिरी. आजकाल उतरता स्लॅब टाकून त्यावर सिमेंटच्या मालात कौलं चिकटवतात. दिसायला छान. पण उतरत्या स्लॅबवर काँक्रीट घसरतं, व्हायब्रेटर नीट लागत नाही, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. वर कौलाखालचा माल पाणी धरून बसतो. गळती सुरू झाली की कुठून हे सापडत नाही. त्यापेक्षा स्लॅब सपाटच, थोडा उतार देऊन, पाण्याच्या वाटा किमान चार. त्यावर मोकळ्या लोखंडी सांगाड्यावर पत्रा आणि कौलं, मध्ये माणूस वाकून जाईल एवढी जागा. साफसफाई करता आली पाहिजे.

पन्हळीचा हिशोबही करा. छपराचा पसारा पडव्या धरून दोन हजार चौरस फूट असेल तर १०० मिलिमीटर पावसात साडेअठरा हजार लिटर पाणी खाली येतं, आणि तुमच्याकडे १०० मिलिमीटर दुपारच्या जेवणापर्यंत पडतो. माझं मत, पन्हळ लावूच नका. पागोळ्या पडू द्या आणि त्यांच्या रेषेखाली जांभ्याची चर काढा. पानं अडकायला जागाच नाही.

---

माडाखालची | १२ मे, रात्री ९.४०

पागोळ्यांना +१. त्यांच्या आवाजाशिवाय घर कसलं.

रानमोगरा, इतके मोठे लोक इतकं चांगलं सांगताहेत, त्यात माझी एकच भर. माझी सासू म्हणायची, "पाऊस खंयसून येता ता आधी बघा, मगे घर बांधा." तुम्ही जमीन मे महिन्यात पाहिली आहे. जुलैमध्ये जा. मामांकडे चार दिवस राहा आणि छत्री घेऊन नुसते त्या जागेवर उभे राहा.

---

रानमोगरा | १३ मे, सकाळी ७.००

जातो. तोवर आर्किटेक्टला काहीच सांगत नाही. सगळ्यांचे आभार.

---

रानमोगरा | २१ जुलै, रात्री १०.३०

धागा वर आणतोय. जाऊन आलो. पाच दिवस होतो, त्यातले चार दिवस सूर्य दिसला नाही.

माझ्या वहीत एक कच्चा नकाशा होता. झोपण्याची खोली जमिनीच्या वरच्या अंगाला, कारण तिथून सगळ्यात सुंदर दृश्य दिसतं. पहिल्या दिवशी सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. पायाखालून पाणी वाहत होतं. ओहळ म्हणावा असं नाही, मे महिन्यात तिथे कोरडी पानं आणि थोडा खळगा एवढंच होतं. आता वीतभर रुंद, स्वच्छ, बारीक आवाज करत खाली जाणारं पाणी. दुपारी मोठी सर आली तेव्हा ते हातभर रुंद झालं आणि तांबडं झालं. मी अंथरुण जिथे काढलं होतं तिथूनच ती वाट जात होती.

मी बांबूच्या काठ्या घेतल्या आणि पाण्याच्या दोन्ही कडांना खोवत खालपर्यंत गेलो. मामाही आले. म्हणाले, "हा व्हाळ माझ्या लहानपणापासून इथूनच जातो. तू विचारलं नाहीस." खरंच मी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना छताविषयी विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी झड पाहिली. मामांच्या पडवीत पश्चिमेच्या बाजूला जमीन किती आत भिजते ते पावलाला पाऊल लावून मोजलं. कठड्यापासून पाच पावलं. म्हणजे फोटोतल्या घरांचा दोन फुटांचा छज्जा इथे काहीच अडवणार नाही.

आता बदललेला विचार असा. घर दोन तुकड्यांत, मध्ये व्हाळाला मोकळी वाट आणि त्यावरून छपराखालची पुलासारखी ये-जा. पाया आणि खांब काँक्रीटचे, उघडे, फळ्यांच्या रेषांचे. चौथरा पागोळ्यांचे शिंतोडे पोचणार नाहीत इतका उंच. भिंती जमिनीपासून कमरेपर्यंत चिऱ्याच्या, वर लाकडी फिरत्या पट्ट्या आणि जाळी. सपाट स्लॅब, त्यावर दुहेरी छप्पर, पश्चिमेला आठ फूट पडवी. मोठी काच फक्त एक, पूर्वेला, पडवीच्या सावलीत, बाहेरून जाळी लावून. व्हाळ आता अंथरुणातून दिसणार नाही, पण ऐकू येईल.

आमच्या मनात होतं त्या चित्रासारखं हे दिसत नाही. बायको म्हणाली, हे जास्त आपलं वाटतं. मलाही तसंच वाटतं.

---

रेघोटी | २१ जुलै, रात्री ११.१०

वाचताना अंगावर काटा आला. त्या काठ्या काढू नका. त्यांचे फोटो आणि प्रत्येक काठीचं घराच्या कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवा. आर्किटेक्टला पहिला कागद तो द्या. पुलाचे खांब पाण्याच्या वाटेत येऊ देऊ नका, दोन्ही तीरांवर मागे घ्या. आणि सांडपाण्याची टाकी व्हाळापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या, खालच्या अंगाला.

---

चिरेबंदी | २२ जुलै, सकाळी ६.४५

शाब्बास. जिथे पाणी वाहतं तिथे जांभ्याच्या कवचाखाली मऊ पिवळट माती लागण्याची शक्यता असते. दोन्ही तुकड्यांखाली ऑक्टोबरात खड्डे घेऊन बघा, एकाचा पाया दुसऱ्यापेक्षा खोल जाऊ शकतो. म्हणून दोन तुकडे एकमेकांना जोडू नका. पूल एका बाजूला बांधा, दुसऱ्या बाजूला नुसता टेकू द्या. एक तुकडा थोडा बसला तर दुसऱ्याला तडा जाणार नाही.

आणि व्हाळाचं पाणी डिसेंबरपर्यंत टिकत असेल तर पायाच्या क्युरिंगची टाकी तिथूनच भरा. कधी आटतो ते मामांना विचारा, या वेळी विसरू नका.

---

खंड्या | २२ जुलै, सकाळी ८.३०

व्हाळ मोकळा ठेवताय, याचा फार आनंद झाला. नव्या जागेत किती झाडं येतात?

---

रानमोगरा | २२ जुलै, रात्री ८.५०

मामांनी व्हाळ डिसेंबरच्या मध्यापर्यंत सांगितला. त्यानंतर विहीर.

खंड्या, दोन्ही तुकडे मोकळ्या पठारीवर बसतात, एकही झाड जात नाही. फक्त पश्चिमेच्या पडवीच्या कडेपासून सात फुटांवर एक जुना रातांबा (कोकमाचं झाड) आहे. आजीच्या आधीपासूनचा. फांद्या छपरावर येतील आणि केलडी त्यावरून उतरतील, म्हणून मामा म्हणतात छाटू या. काय करू?

---

माडाखालची | २२ जुलै, रात्री ९.१५

रातांब्याक हात लावू नको. पडवी चार फूट मागे घे. आणि मे म्हयन्यात त्याची सोला वाळत घालूक खळा होया, ता तुझ्या नकाशात खंय आसा?